पाऊस मागे टाकत येवल्याकडे

पावसाळ्यात सायकलवरून लांबचा पल्ला गाठायचा म्हटलं की महाराष्ट्रातल्या सायकलस्वारांची चाकं घाटाकडे वळतात. पुण्याचे ताम्हिणीला जातात, मुंबईचे माळशेजला, आणि नाशिकचे त्र्यंबक-पहिने किंवा इगतपुरी-भावलीकडे. धुकं, धबधबे, हिरवे कडे, टपरीवरची गरम भजी यांची ओढ मला समजते, तिच्यात काही गैर नाही. पण पाऊस म्हणजे काय, तो माणसांच्या जगण्यात कसा उतरतो, हे ज्याला पाहायचं आहे त्याने हँडल उलट दिशेला वळवावं असं माझं ठाम मत आहे. घाटातला पाऊस डोळ्यांना सुख देतो आणि दरीतून वाहून जातो. त्या पावसाचं पुढे काय होतं, तो कोणाच्या वाट्याला किती येतो, कोणाला त्याची वाट पाहत बसावं लागतं, हे पूर्वेकडे कळतं. त्यासाठी इगतपुरीहून येवल्यापर्यंतचा दोन दिवसांचा सायकल प्रवास, तीन-चार सोबती घेऊन, जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये करावा. नाशिक जिल्ह्यात यापेक्षा जास्त शिकवणारी पावसाळी वाट मला ठाऊक नाही.

आधी पावसाचा हिशोब मांडू. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि येवल्यात पाचशेच्या घरात. इगतपुरी ते नाशिक अंतर जेमतेम 45 किलोमीटर, नाशिक ते येवला सुमारे 80. म्हणजे पाऊस जो आटतो तो बहुतांशी पहिल्या एकतृतीयांश वाटेतच आटतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होऊन रिते होतात आणि पलीकडे उतरताना त्यांच्याजवळ देण्यासारखं फारसं उरत नाही. शाळेच्या भूगोलात पर्जन्यछायेची ही आकृती सगळ्यांनी काढलेली असते. मोटारीतून हे अंतर दोन-अडीच तासांत संपतं, काचा बंद असतात, आणि घोटीत चालू असलेले वायपर पुढे कधीतरी बंद होतात एवढंच लक्षात राहतं. सायकलवर ताशी पंधरा-सोळा किलोमीटरने जाताना ती आकृती अंगावरून जाते. आधी रेनकोटच्या आतपर्यंत झिरपणारी झड, मग सरींमधली वाढत जाणारी उघडीप, मग नुसती भुरभुर, आणि शेवटी ढग भरलेले पण जमीन कोरडी असा मुलूख. या वेगाला पर्याय नाही, कारण याहून हळू, म्हणजे पायी गेलं तर पाऊसमान बदलायच्या आत दिवस मावळतो आणि सगळा चढउतार एका नजरेत धरता येत नाही.

वाट निवडताना मुंबई-आग्रा महामार्ग टाळावा. घोटीहून सिन्नरकडे जाणारा रस्ता धरावा, सिन्नरहून नायगावमार्गे सायखेड्याला गोदावरी ओलांडावी, तिथून चांदोरी, निफाड, मग वाकडी वाट करून नांदूर मध्यमेश्वर, विंचूर आणि शेवटी देशमाने, जळगाव नेऊर करत येवला. सरळ रस्त्याच्या सव्वाशे किलोमीटरचे असे दीडशेच्या आसपास होतात. चढ-उताराची भीती नको. कसाऱ्याचा घाट मागेच राहिलेला असतो आणि इगतपुरी काय, येवला काय, दोन्ही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आतबाहेर आहेत. शिवाय या मोसमात वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे पूर्वेला निघालेल्या सायकलस्वाराच्या पाठीशी राहतो. घाटाकडे जाणाऱ्याला हाच वारा छातीवर घ्यावा लागतो, हेही लक्षात घ्यावं. परतीला तो आडवा येईल हे खरं, म्हणून परत सायकलने यायचंच नाही. येवल्याहून मनमाड अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर आहे. वाटेत अनकाई-टंकाईची जोडकिल्ल्याची खिंड लागते. मनमाड जंक्शनला सायकल सामान म्हणून नोंदवून रेल्वेने परतता येतं.

घोटीजवळ शिवारात गुडघाभर पाणी साचलेलं असतं आणि भाताची आवणी चाललेली असते. बांधापासून बांधापर्यंत आडव्या रांगेत वाकलेली माणसं, गाळात रुतलेले पाय, कडेला रोपांच्या जुड्या. जवळच दारणेचं धरण आहे, 1916 सालचं. त्याचा फुगवटा दिसतो तेव्हा एक गोष्ट मनात ठेवून पुढे निघावं : हे पाणी इथल्या भाताला फारसं लागत नाही, ते पूर्वेकडच्यांसाठी साठवलेलं आहे. पांढुर्लीच्या पुढे भाताची खाचरं कमी होतात, माळ उघडे पडू लागतात आणि सिन्नरच्या पूर्वेला गेलं तर बाजरी, सोयाबीन, मका आणि कोरड्या विहिरी. पन्नासेक किलोमीटरच्या आत भाताच्या देशातून बाजरीच्या देशात आपण आलेलो असतो. इथवर सगळं पर्जन्यछायेच्या आकृतीबरहुकूम चालतं.

आता खरी गंमत सुरू होते, आणि माझा मुद्दाही इथेच आहे. आकृती खरी मानली तर सिन्नरहून आणखी पूर्वेला निफाडमध्ये मुलूख अधिक कोरडा हवा. सायखेड्याचा पूल ओलांडला की उलटंच दिसतं. द्राक्षाच्या बागा, ऊस, भाजीपाला, काळीभोर ओली जमीन. निफाडला लोक कौतुकाने कॅलिफोर्निया म्हणतात. पाऊस मात्र इथेही सिन्नरइतकाच तुटपुंजा. मग हा हिरवा रंग आला कुठून? तो दारणा, गंगापूर, पालखेड या धरणांतून, कालव्यांतून, पाटचाऱ्यांतून आला. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर 1907 साली बांधायला घेतलेला बंधारा आहे. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवलं जातं आणि ते खाली कोपरगाव, राहाता या बाजूला जातं. जलद कालव्याने ते मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरलाही जातं. पक्षी पाहणाऱ्यांना हे ठिकाण हिवाळ्यामुळे ठाऊक असतं. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पावसाळ्यात तिथे पाहुणे पक्षी नसतात, पण बंधाऱ्याचे दरवाजे उघडलेले असतात आणि घोटीत पाहिलेलं तेच पाणी, आता लाल-तांबूस होऊन, पैठणच्या जायकवाडीकडे धावत असतं. त्या पाण्यावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षं भांडण आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, तरी कमी पावसाच्या वर्षी ते भांडण न्यायालयात जातंच. बंधाऱ्यावर उभं राहिलं की ते कागदावरचं राहत नाही, कारण दोन दिवसांत आपण त्या पाण्याच्या वाटेनेच आलेलो असतो.

विंचूरच्या पुढे येवल्याच्या हद्दीत शिरलं की तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. पालखेडचा डावा कालवा दिंडोरीतून निघून निफाडमार्गे येवल्यात येतो. येवला त्याच्या शेपटाला आहे, आणि कालव्याच्या शेपटाला, शेतकऱ्यांच्या भाषेत टेलला, पाणी शेवटी पोचतं आणि कमी पोचतं. रस्त्याच्या एका बाजूला आवर्तनाचं, म्हणजे कालव्याच्या पाळीचं पाणी मिळालेला मका पुरुषभर उंच, तर कालव्याच्या वरच्या अंगाला तोच मका गुडघ्याइतका, पानं वळलेली. अंतर हाक मारण्याइतकं. पाऊस दोन्हींवर सारखाच पडलेला असतो. तालुक्याचा ईशान्य भाग, राजापूर-ममदापूरचा उंचवट्याचा माळ, कालव्याच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे उन्हाळ्यात टँकर चालतात आणि पाऊस लांबला तर जुलैतही थांबत नाहीत. दिंडोरीच्या डोंगरात पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी बोगद्याने पुणेगाव धरणात आणायचं आणि दरसवाडीमार्गे येवल्यातल्या डोंगरगावपर्यंत न्यायचं, ही मांजरपाड्याची वळण योजना याच माळासाठी आहे. तिच्यासाठी इथल्या गावांनी दशकानुदशकं वाट पाहिली. घाटातला जो पाऊस सहलीचा विषय असतो, त्यातला थोडा आपल्या बाजूला वळावा म्हणून ही सगळी धडपड.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पाणीवाटपाचा अभ्यास करायला सायकल कशाला? अहवाल आहेत, नकाशे आहेत, मोटारसायकल आहे. नकाशे वाचावेत, जरूर वाचावेत, किंबहुना निघण्यापूर्वीच वाचावेत. पण नकाशात कालवा निळ्या रेषेने दाखवलेला असतो आणि ती रेष शेवटपर्यंत सारखीच निळी असते. प्रत्यक्षात तिची रुंदी, तिच्यातलं गवत, फुटलेलं अस्तर, पाटचारीच्या तोंडाशी अडवून ठेवलेली माती, हे सगळं कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावरून दोन चाकांवर हळू जाणाऱ्याला दिसतं. मोटारसायकलवरून ते पुसट होतं, शिवाय तिच्या आवाजात कोणी हाक मारून बोलत नाही. भिजलेला सायकलवाला दिसला की बांधावरचा माणूस स्वतःहून विचारतो, कुठून आलात, आणि लगेच दुसरा प्रश्न, तिकडं पाऊस कसाय? येवल्याकडच्या शेतकऱ्याचा हा प्रश्न रीत म्हणून विचारलेला नसतो. इगतपुरीला किती पडला यावर त्याचं पुढचं आवर्तन ठरतं. सायकलस्वार तिथूनच आलेला असल्यामुळे त्याच्याजवळ खरं उत्तर असतं, आणि मग जे बोलणं होतं ते कुठल्या अहवालात नसतं.

दुसरा आक्षेप धोक्याचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. विंचूर ते येवला हा नाशिक-औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) रस्ता रहदारीचा आहे. कांद्याचे ट्रॅक्टर, मालट्रक, शिर्डीला निघालेल्या गाड्या, आणि पावसात सगळ्यांच्याच काचा धुरकट. म्हणून जिथे समांतर गावरस्ता आहे तिथे तोच घ्यावा, सहा-सात किलोमीटर वाढले तरी. अंधारात चालवू नये, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, आणि समोरचं दिसेनासं करणारी सर आली तर सरळ थांबावं. पहिल्या शिडकाव्यात डांबरावरचं तेल वर येतं तेव्हा रस्ता सर्वांत निसरडा असतो. चांगला धुऊन निघाला की पकड परत येते. रेल्वेचे रूळ आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे नेहमी काटकोनात आणि ब्रेक न लावता ओलांडावेत. रिम ब्रेक असतील तर ओल्यात ते उशिरा पकडतात, त्यामुळे अंतर वाढवून ठेवावं. विजांचा धोका या भागात जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात अधिक, म्हणूनही जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट बरा. एवढं पाळलं तर हा रस्ता धुक्यातल्या घाटवळणांपेक्षा, जिथे रविवारी गाड्यांची रांग लागलेली असते, मला जास्त सुरक्षित वाटतो.

सायकलीचे हाल मात्र वेगळ्या प्रकारचे होतात. घाटात पाणी लागतं, इथे माती लागते. कालव्याकडेच्या कापसाच्या काळ्या जमिनीवर दोनशे मीटर गेलं की चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते, तिच्यातल्या चिकणमातीचा तो गुणच आहे. त्यामुळे कच्चा रस्ता धरण्यापूर्वी गावात वापसा झाला का, म्हणजे जादा ओल निघून गेली का, ते विचारावं. शेतात वापसा असेल तर रस्ताही चालण्याजोगा असतो. रुंद टायर घ्यावेत आणि मडगार्डला बोटभर मोकळी जागा ठेवावी. दुसरी गोष्ट बाभळीच्या काट्यांची. पावसाच्या पाण्याबरोबर ते रस्त्याच्या कडेला येऊन साठतात आणि ओल्या रबरात सहज शिरतात. माणशी दोन ट्यूब, पंक्चरची पाकिटं आणि पंप लागतोच. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये, म्हणून टायरच्या आतून बोट फिरवून पाहायची सवय ठेवावी. चेनला ओल्या हवेसाठीचं घट्ट तेल आणि रोज संध्याकाळी एक फडकं, इतकं पुरतं.

सोबतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आपल्याकडची कल्पना बरीचशी वेगाशी बांधलेली आहे. नाशिकला तर तिचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला आषाढीच्या निमित्ताने सायकल वारी निघते. ब्रेवे प्रकारात 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात आणि ते करणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. अशा स्वाराला दीडशे किलोमीटरसाठी दोन दिवस म्हणजे आळस वाटेल. मला तो वाटत नाही. वेळेविरुद्धचा प्रवास शरीराची परीक्षा घेतो, तो आदराचाच विषय आहे, पण त्यात थांबणं म्हणजे तोटा ठरतो. इथे थांबणं हेच काम आहे. आणि थांबायचं तर एकट्याने कमी जमतं. चौघं-पाचजण असले की एकाला पिकातलं कळतं, एकाला यंत्रातलं, एखादीला बायकांशी चुलीपर्यंत जाऊन बोलता येतं. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याने ठरवावा, त्याला किंवा तिला पुढून दुसरं ठेवावं आणि पावसात मागच्याच्या तोंडावर पाणी उडू नये म्हणून पुढच्याच्या मडगार्डला पट्टी लावावी. पाचाच्या वर गेलं की गट मिरवणूक होतो आणि गावात कोणी मोकळेपणी बोलत नाही.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा. येवल्याकडे पाहण्यासारखं आहे काय, माळ आणि मका? याला उत्तर देताना मला कांद्याच्या चाळीपासून सुरुवात करावीशी वाटते. लासलगावची बाजार समिती 1947 सालची. तिच्या भोवतालच्या, विंचूर-येवला-अंदरसूलच्या प्रत्येक वस्तीवर कांदाचाळ दिसते. जमिनीपासून हात-दीड हात उचललेला तळ, दोन्ही बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, वर पत्रा किंवा उसाचं पाचट. वारा खालून शिरून कांद्यातून वर जावा अशी सगळी मांडणी. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये त्यात भरतात आणि भावाची वाट पाहत पावसाळाभर ठेवतात. त्याच वेळी बाहेर लाल कांद्याची रोपं वाफ्यात वाढत असतात. म्हणजे ज्या पावसाची शेतातल्या कांद्याला गरज, तोच पाऊस चाळीतल्या कांद्याला सडवतो. झड लागली की चाळीजवळून जाताना आंबूस वास येतो, आणि कोपऱ्यात बसून चांगला-वाईट निवडणाऱ्या बाया दिसतात. घाटात पाऊस कसा आहे असं विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं. इथे एकाच घरात दोन उत्तरं असतात.

शहरात शिरल्यावर पैठणीचा माग पाहावा, आणि तोही याच प्रवासाचा भाग समजून. येवला, शेजारचं नागडे आणि आसपासच्या वस्त्यांत घराघरांत माग आहेत. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मागाला लागणारं रेशीम आणि जर मुख्यतः बाहेरून येतात. रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. पदरावरचा मोर विणताना विणकर धोटा टाकून थांबत नाही, प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी ताण्याच्या मोजक्या धाग्यांतून हाताने फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो. धागे मागच्या बाजूला लोंबत नाहीत, म्हणून खरी पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. एका पदराला आठवडे जातात. ज्या मुलखाला पाऊस पोटापुरतं देत नाही, त्याने बाहेरून माल आणून, आतलं कसब घालून पोट भरायची वाट काढली, असं मला या मागाकडे पाहून वाटतं. सगळं श्रेय दुष्काळाला देता येणार नाही, आश्रयदाते आणि पेठ यांचाही त्यात वाटा आहे. तरी शेती आणि माग ही दोन पायांवरची घरं इथे का टिकली, याचं उत्तर ढगांकडे पाहिल्याशिवाय पुरं होत नाही.

आणि पाण्याच्या वाटपाविषयी बोलत येवल्यात आलेल्या माणसाने मुक्तिभूमीला न जाता पुढे जाऊ नये. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्यात केली, तिचं हे स्मारक. त्याआधी 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिराचा. तळ्यातलं पाणी सर्वांचं असतानाही ते कोणाला मिळायचं आणि कोणाला नाही हे माणसांनीच ठरवलेलं होतं. कालव्याच्या शेपटाचा प्रश्न आणि तो प्रश्न एक नाहीत, त्यांची सरमिसळ करणं अन्यायाचं होईल. पण जे निसर्गाचं म्हणून सांगितलं जातं त्यात माणसाचा हात किती, हे तपासायची सवय दोन्हीकडे लागते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांच्या गावी हौसेने सायकली घेऊन जायचं, हे शोभतं का? शोभत नाही, जर गावाकडे देखावा म्हणून पाहायचं असेल तर. म्हणून काही पथ्यं पाळावीत. बाटल्या निफाडकडेच भरून घ्याव्यात, राजापूर-ममदापूरच्या माळावर गेलं तर कोणाच्या हंड्यातलं पाणी मागू नये. ममदापूरच्या राखीव क्षेत्रात काळवीट रस्त्यावरूनच दिसतात, त्यांच्यामागे सायकल घालू नये. मका-मुगात शिरलेल्या कळपाबद्दल शेतकरी त्राग्याने बोलला तर त्याला वन्यजीवप्रेमाचं व्याख्यान देऊ नये, नुकसान त्याचं झालेलं असतं. जेवण गावातल्या खानावळीत घ्यावं आणि चिखलाची सायकल कोणाच्या हातपंपावर धुवायला बसू नये. आणि शक्य असेल तर हाच रस्ता सप्टेंबरअखेर पुन्हा एकदा करावा. ऑगस्टमध्ये पाहिलेली टेलची पाटचारी तेव्हा वाहते आहे का, शेततळ्यांत किती पाणी धरलं, मक्याला दाणा भरला का, हे तेव्हा दिसतं. वाघाड प्रकल्पावर ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था करून आपल्या हक्काचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत आणून दाखवलं आहे, तेव्हा वेळ असेल तर नाशिककडून येताना ओझरवरून यावं, आणि तिथल्या चाऱ्या कशा राखल्या जातात ते पाहून मगच येवल्याच्या चाऱ्या पाहाव्यात.